मोतीबिंदू पिकण्याची वाट

आमच्या घरात पाच वर्षं एकाच गोष्टीची वाट पाहिली गेली. मामंजींचा मोतीबिंदू कधी पिकतो याची. अढीत घातलेल्या आंब्यांची पाहावी तशी. मामंजी म्हणजे माझे सासरे. मी ज्या शाळेत शिकवत होते तिथं एकदा डोळे तपासायचं शिबिर भरलं होतं. मीच त्यांना नेऊन रांगेत उभं केलं. डॉक्टर पोरसवदा होते, समोर म्हाताऱ्याकोताऱ्यांची ही गर्दी. त्यांनी टॉर्च मारली आणि अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं, "उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय. अजून कच्चा आहे. पिकला की काढू."

आता त्या डॉक्टरांचं चुकलं असं म्हणता येत नाही. त्या काळी तसंच करत. मोतीबिंदू पुरता तयार झाल्याशिवाय त्याला हात लावत नसत. आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होताच, जरासा. पण ते वाक्य आमच्या घरात येऊन जे ठाण मांडून बसलं, ते पाच वर्षं उठलं नाही. आठवलं की आजही माझं डोकं तडकतं. पूर्वी ते मामंजींवर तडकायचं, मग नवऱ्यावर. आता बहुतेक वेळा स्वतःवरच.

मामंजी निजामाच्या अमदानीत तहसिलीत पेशकार होते. साहेबापुढं कागद मांडायचा, वाचून दाखवायचा, हे त्यांचं काम. शिक्षण सगळं उर्दूतून. पोलीस ॲक्शन झाली, कचेरीचा कारभार हळूहळू मराठीत आला, तेव्हा चाळिशीला टेकलेल्या या माणसानं पोरांच्या पुस्तकावरून मराठी लिहायचा सराव केला आणि नोकरी पुरी केली. पण जीव उर्दूतच. रिटायर झाल्यावर त्यांचा भाव वाढला, कारण जमिनींचे जुने कागद सगळे उर्दूत आणि ते वाचणारे एकेक करून कमी होत चाललेले. आम्ही तेव्हा औरंगाबादेत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. पुढं एक ओसरी होती. तिथं करमाडहून, वेरूळहून, कुठून कुठून माणसं फडक्यात गुंडाळलेले कागद घेऊन यायची. मामंजी चष्मा पुसायचे, कागद मांडीवर पसरायचे आणि ती एकात एक गुंतलेली अक्षरं सरसर वाचत सुटायचे. आधी उर्दूत, मग मराठीत अर्थ सांगून. समोरचा माणूस आपल्या आज्याचं नाव ऐकून ताठ बसायचा. या कामाचा ते एक पैसाही घेत नसत. घरी आलेल्याला चहा मात्र मीच करायचा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मामंजींचा अदब सगळा निजामी. सुनेलाही अहो-जाहो करायचे. "सूनबाई, जरा तकलीफ देतो, पाणी मिळेल का?" असं. मी त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायची, उंबऱ्याच्या आत उभी राहून बोलायची. सणावाराला पायांना हात लावून नमस्कार, बस. त्यापलीकडे सासऱ्याला स्पर्श नाही. कुणी नियम सांगितला नव्हता, तो होताच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे मधे कुणी बाईमाणूसही नव्हतं.

शिबिरानंतर दोनेक वर्षांनी त्यांचं धडपडणं सुरू झालं. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, तोही डावाच. जेवताना ताटाशेजारच्या तांब्याला हात लागून पाणी सांडायचं. रस्त्यानं जाताना एक सायकलवाला बाजूनं आला आणि धडकला. मामंजींनी त्याला अस्सल हैदराबादी शिव्या दिल्या. तो बिचारा "घंटी वाजवली होती हो काका" म्हणत राहिला. घरात मात्र त्यांनी माझ्याकडं बोट दाखवायला सुरुवात केली.

"सूनबाई, तांब्या रोजच्या जागी का ठेवत नाही आपण?"

तांब्या रोजच्या जागीच असायचा! मी एकदा चुलीतल्या कोळशानं जमिनीवर तांब्याभोवती गोल काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी तांब्या गोलात होता आणि पाणी जमिनीवर होतं. मी तो गोल ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दाखवला. हे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात शिफ्टवर. आंबलेल्या चेहऱ्यानं घरी येणारा माणूस. गोलाकडं बघून म्हणाले, "पिकत आलाय म्हणजे." आणि समाधानानं झोपले. मामंजीही ज्याला त्याला तेच सांगायचे, "अब पक रहा है. थंडीत काढून टाकू." थंडी यायची, मग पुढची थंडी यायची. मी एकदोनदा म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू या. त्यावर उत्तर एकच, कच्चा असताना दाखवून उपयोग काय? आणि मी, बी.एड. झालेली बाई, गप्प बसत होते.

मग करमाडचा तो माणूस आला. त्याची आणि त्याच्या चुलतभावाची एक सामाईक विहीर होती आणि पाण्याच्या पाळीवरून वाद होता. महिनाभर आधी तो येऊन कागद वाचून घेऊन गेला होता. मामंजींनी वाचून ठामपणे सांगितलं होतं, निम्मा हिस्सा, पाळी सारखी, दुसरी कसलीही अट नाही. त्या भरवशावर तो तहसिलीत चारचौघांपुढं तावातावानं बोलला. चुलतभावानं शहागंजातल्या एका मौलवीसाहेबांकडून तोच कागद वाचून आणला होता. कागदाच्या कडेला, हाशियात, मागाहून केलेली नोंद होती. बांधावरच्या आंब्याच्या पट्टीच्या बदल्यात दोन दिवसांची पाळी याच्या आज्यानं स्वतःच सोडून दिली होती. खाली अंगठा.

तो रागवायला आला नव्हता, हे जास्त वाईट. चपला काढून ओसरीच्या कडेला बसला आणि म्हणाला, "पेशकारसाहेब, चूक माझीच आसंल. पर हाशियात लिवल्यालं हाय म्हनत्यात. जरा बघता का? मी लई खोटा पडलो लोकांत."

मामंजींनी कागद घेतला. पहिल्या ओळीपासून वाचलं, खाली आले, तळाची सही वाचली. म्हणाले, "हाशियात काही नाही."

"हाय की जी. ह्ये काय."

त्यानं बोट ठेवलं. मामंजी त्याच्या बोटाकडं बघेनात, समोर कागदाच्या मधोमधच बघत राहिले. चहाचा कप हातात धरून मी उंबऱ्यात उभी होते. मला उर्दूचा अलिफही येत नाही, पण तिथून मला ती नोंद दिसत होती. निळ्या शाईच्या चार तिरप्या ओळी. मग मामंजींनी मान वळवली, पार वळवली, कोंबडी दाणा बघते तशी, आणि त्यांना त्या एकदम दिसल्या. पुढं त्यांनी त्या चारही ओळी न अडखळता वाचल्या. अक्षर पुसट नव्हतं, नजर धुरकट नव्हती. त्यांना फक्त कागदाची कडच दिसत नव्हती.

"शाई फिकी आहे," मामंजी म्हणाले. तो माणूस "व्हय जी, फिकीच हाय" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मामंजींचे कान लाल झाले होते.

त्या रात्री मी ह्यांच्याशी भांडले, आणि दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मामंजींना औरंगपुऱ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. वयस्कर डॉक्टर, कमी बोलणारे. त्यांनी मामंजींच्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "किती बोटं?"

"आधी हात तर दाखवा," मामंजी म्हणाले.

डॉक्टरांचा दुसरा हात त्यांच्या तोंडापुढंच होता.

डावा डोळा जवळपास गेलेला होता, आणि कधी गेला ते मामंजींना ठाऊकच नव्हतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघणाऱ्याला एकाचं कळत नाही म्हणे. डॉक्टरांनी डोळे बधिर करून त्यांवर एक छोटं यंत्र टेकवून आतला दाब मोजला. मग भिंतीवरच्या काळ्या कापडापुढं बसवलं आणि पांढऱ्या डोक्याची टाचणी कडेकडेनं फिरवून, "दिसली की सांगा," म्हणाले. टाचणी कितीतरी आत आली तरी मामंजी गप्प. मी मागं स्टुलावर बसून ती टाचणी बघत होते आणि मनात ओरडत होते, अहो, ती काय, ती काय!

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाले. "मोतीबिंदूचा यात काही संबंध नाही. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस सुकत जाते, कडेकडून. गेलेलं परत आणता येत नाही. उजव्या डोळ्यात मधलं शिल्लक आहे, ते राखायचं."

मामंजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हा पिकणार कधी?"

मला तिथल्या तिथं भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. डॉक्टरांनी शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ऑपरेशन असतं, पण त्यात मधला उरलेला तुकडाही जाऊ शकतो. त्यावर मामंजी लगेच म्हणाले, तो जुगार नको. मग राहिले थेंब. दिवसातून चार वेळा, जन्मभर. डॉक्टरांनी घालून दाखवले. अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढायची, तिथं खळगा होतो, त्यात थेंब सोडायचा आणि डोळा मिटायचा. लहान मूलही शिकेल इतकं सोपं. डोळ्याची आग होईल, भुवया ठणकतील, काही वेळ अंधारल्यासारखं होईल, हेही त्यांनी सांगितलं. निघताना मला म्हणाले, "बाई, एक वेळही चुकवू नका."

मी मान डोलावली. आता थेंब घालणार कोण, याचा विचार घरी येईपर्यंत माझ्या मनातही आला नव्हता.

पहिले चार दिवस ह्यांची रात्रपाळी होती, दिवसा घरी होते, म्हणून त्यांनी घातले. मामंजी डोळे असे गच्च मिटून घ्यायचे की थेंब कानात. बापलेकांची रोज झटापट. मग पाळी बदलली आणि हे म्हणाले, "मी सकाळी सहाला जातो. तू घाल ना."

"मी कशी घालू?"

ह्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "हं, तेही खरंच." संपलं. माझा नवरा असा, त्याला माझी प्रत्येक अडचण पटते आणि पटली की तो झोपतो. मामंजींना विचारलं तर ते दचकलेच. "छे छे सूनबाई, आपण कशाला? मी घालतो. हात चालतो माझा अजून."

हात चालत होता, पण कापत होता. ते मान वर करून बाटली कपाळापाशी न्यायचे, एक थेंब भुवईवर पडायचा, एक नाकावर. गालावरून ओघळून मिशीत जायचा. ते धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि आत ऐकू येईल असं म्हणायचे, "झालं." मी स्वयंपाकघराच्या दारातून सगळं बघायची. माझा अंगठा आपोआप पदर खाली ओढायचा, जणू तीच ती पापणी. चार पावलांचं अंतर. मी कधी चाललेच नाही. "मामंजी, आत गेला का नीट?" एवढं विचारायची. ते "अलबत" म्हणायचे, आणि मी पोळ्या लाटायला लागायची. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ना, तसंच. फक्त घडा पालथा आहे हे मला रोज दिसत होतं.

दुपारचा थेंब तर माझ्या मागंच. मी शाळेत. बाटली संपायला हवी तेव्हा संपेना म्हणून मी सकाळी शाळेला निघताना तिच्यावर पेनानं रेघ मारून ठेवली. संध्याकाळी पाहिलं तर औषध रेघेच्या रेघेवर. दुसऱ्या दिवशी नवी रेघ मारली, तरी तिथंच. तिसऱ्या दिवशी माझा ताबा सुटला. सासऱ्यांसमोर आवाज चढवायची माझी पहिलीच वेळ. "मामंजी, तुम्हाला आंधळंच व्हायचं असेल तर सांगा, मी डॉक्टरांकडं हेलपाटे घालायचं बंद करते!"

त्यांनी बाटली चाचपून बाजूला सरकवली. मग म्हणाले, "सूनबाई, माणसं दुपारी येतात. औषध घातलं की दोन-अडीच तास अक्षर अंधारात जातं. लांबून एस.टी.नं आलेल्या माणसाला काय सांगू? संध्याकाळी या म्हणू?"

म्हणजे विसरत नव्हते. जाणूनबुजून चुकवत होते. उद्याची नजर राखायची तर आजचा कागद वाचता येत नव्हता, आणि ते आजचा कागद वाचत होते. हाशिया चुकल्यापासून तर एकेक कागद ते चहूबाजूंनी फिरवून, मान वाकडी करकरून वाचायचे. मला कळलं त्यांचं म्हणणं. कळलं म्हणून राग गेला नाही, उलट वाढला. माणसं काय, शहागंजात जातील! मौलवीसाहेब आहेत की! असं मी म्हणालेही. मामंजींनी त्यावर चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिले.

मी एकटीच डॉक्टरांकडं जाऊन आले. दुसरं औषध आहे का विचारलं. डॉक्टर म्हणाले, सध्या हेच आहे. दुपारचं चुकत असेल तर निदान बाकीचे तीन तरी आत जाऊ देत. घालतं कोण? मी म्हटलं, "ते स्वतः." डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "घरात दुसरं कुणी नाही?" मी काय सांगणार? आहे, पण ती सून आहे, असं?

असं आणखी सव्वा-दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रोज थेंब गालावर, रोज "झालं", रोज माझी चिडचिड. पोरांच्या वह्या तपासताना मी लाल शाईनं नको इतक्या रेघोट्या ओढायची.

एका दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून मी घरी आले. ओसरीवर वेरूळचा एक म्हातारा बसला होता, समोर मामंजी. कागद मांडीवर उघडा. मामंजी त्यावर वाकले होते, मग उजेडाकडं सरकले, मग कागद फिरवला, परत फिरवला. म्हातारा धीर धरून बसला होता. मामंजींनी कागदाची घडी घातली. अगदी नीट, होत्या त्याच घड्यांवर. आणि म्हाताऱ्यापुढं धरली, पण तो बसला होता त्याच्या जरा बाजूला.

"शहागंजात एक मौलवीसाहेब आहेत," ते म्हणाले. "त्यांच्याकडून वाचून घ्या. फार काबील माणूस आहे."

"पर तुमी..." म्हातारा म्हणाला.

"माझ्याच्यानं होत नाही आता."

एवढ्या वर्षांत त्यांनी ओसरीवरून कुणाला परत पाठवल्याचं मी पाहिलं नव्हतं. मी त्याच पिशवीनिशी, त्याच चपलांनिशी उभी राहिले. त्यांना मी आलेलं कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. मामंजींना बाहेर बाकावर बसवून मला सांगितलं, उजवाही गेला. उजेड-अंधार कळेल, तोही किती दिवस सांगता येत नाही. "थेंब घातले काय, न घातले काय, आता फरक पडणार नाही."

घरी येऊन हात-पाय धुतले. मी संध्याकाळचा दिवा लावला. मामंजी ओसरीवरून आत आले, भिंतीला हात लावत, आणि खुर्चीत बसले.

"सूनबाई, ती बाटली आणा," ते म्हणाले. "आता आपणच घाला. माझ्याच्यानं नेम लागत नाही."

डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितलं नाही. बाटली आणली. त्यांनी मान मागं टेकवली, डोळे मोठे उघडून वाट बघत बसले. मी पदर खोचला. त्यांच्या गालाला माझा हात लागला तेव्हा मला जाणवलं, गाल किती मऊ आहे, सुरकुतलेला, दाढी केलेला. अंगठ्यानं खालची पापणी ओढली. खळगा झाला. थेंब बरोबर आत पडला. मग दुसऱ्या डोळ्यात. सगळं मिळून एक घोट पाणी प्यायला लागतं तेवढा वेळ.

त्यांनी डोळे मिटले. आग होत असणार, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"आपला हात फार हलका आहे, सूनबाई," ते म्हणाले. "आधीच का नाही घातलेत?"

मी बाटलीचं झाकण फिरवत राहिले. ते केव्हाच घट्ट बसलं होतं.